दोन इलेक्ट्रॉनांची रेघ

दोन अणू एकमेकांना धरून आहेत हे दाखवण्यासाठी त्यांच्यामध्ये रेघ ओढायची, ही रसायनशास्त्रातली रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीकाळी कुणी सुरू केली असेल, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. आर्चिबाल्ड कूपर या स्कॉटिश तरुणाने १८५८ साली कार्बनच्या संयुगांची सूत्रे लिहिताना अणूंच्या चिन्हांमध्ये रेघा घातल्या आणि १८६४ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर क्रम ब्राऊनने त्यांना आज ओळखीचे वाटेल असे रूप दिले. रेघ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पुढची पन्नास वर्षे कुणालाच सांगता येत नव्हते. सांगण्याची गरजही भासत नव्हती, कारण तिच्या जोरावर रंगांचे आणि औषधांचे कारखाने व्यवस्थित चालले होते. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईसने खुलासा केला: एक रेघ म्हणजे दोन अणूंनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. हा खुलासा इतका चपखल बसला की लिहिण्याच्या सोयीचा बघता बघता कायदा झाला. बोरॉन आणि हायड्रोजन यांची संयुगे, म्हणजे बोरेन, या कायद्यात बसत नव्हती. त्यांतले सर्वांत साधे संयुग शुद्ध स्वरूपात हाती आले १९१२-१३ च्या सुमारास, आणि त्याच्या रचनेवरचा वाद मिटला १९५१ मध्ये. या विलंबाचे खापर नेहमी अपुऱ्या उपकरणांवर आणि त्या संयुगांच्या भडकू स्वभावावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेला दोष रेघेच्या रितीचा होता, आणि त्याचा पुरावा त्या काळच्या शोधनिबंधांतच पडून आहे.

बोरॉन आपल्याला परका नाही. सोनाराच्या मुशीत पडणारा टाकणखार आणि कॅरमच्या पटावर भुरभुरायची बोरिक पावडर ही त्याचीच संयुगे. मात्र या दोन्हींत बोरॉन ऑक्सिजनला चिकटलेला असतो, आणि ते त्याचे आवडते ठिकाण आहे. त्याला तिथून ओढून हायड्रोजनशी बांधले, की जे तयार होते ते हवेतल्या ऑक्सिजनकडे आणि ओलाव्याकडे झेपावते. एकोणिसाव्या शतकात काही रसायनज्ञांनी मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल ओतून हा वायू मिळवला, त्याचा घाण वास नोंदवला, तो हिरव्या ज्योतीने जळतो हे लिहून ठेवले, आणि कार्बन चार हायड्रोजन घेतो तसा बोरॉन तीन घेत असणार असे गृहीत धरून सूत्रही देऊन टाकले. हे सूत्र चुकीचे आहे हे दाखवून देण्यासाठी आल्फ्रेड श्टॉकला एक नवी कारागिरी उभी करावी लागली. ब्रेस्लाऊ, मग बर्लिन आणि शेवटी कार्ल्सरूह अशा तीन ठिकाणी त्याने हे काम सुमारे पाव शतक चालवले. काचेच्या नळ्यांचे बंद जाळे, आत निर्वात पोकळी, वायू एका नळीतून दुसरीत नेण्यासाठी द्रव हवेची थंडी. ग्रीस लावलेल्या तोट्या बोरेनपुढे टिकत नसल्याने त्यांच्या जागी पाऱ्याच्या झडपा. ही सारी मांडणी त्याची. या मार्गाने त्याने सहा वेगवेगळी बोरेन वेगळी केली. सर्वांत लहान म्हणजे दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजनचे डायबोरेन. सर्वांत मोठे म्हणजे दहा बोरॉन आणि चौदा हायड्रोजनचे डेकाबोरेन. यातले दुसरे स्वभावाने शांत: पांढरे स्फटिक, हवेत पेट न घेणारे, सुमारे १०० अंश सेल्सियसला वितळणारे. पण विषारी. बोरेनपेक्षा जास्त हानी मात्र श्टॉकला झडपांतल्या पाऱ्याने केली. वर्षानुवर्षे ती वाफ छातीत गेल्यामुळे त्याची स्मरणशक्ती ढासळली. १९२६ मध्ये त्याने स्वतःच्या दुखण्याचे कारण जाहीरपणे मांडले आणि पुढे पाऱ्याच्या वाफेविरुद्ध जणू मोहीमच चालवली.

म्हणजे १९२० च्या दशकात सूत्रे पक्की होती. अडचण सुरू झाली ती मोजणीत. प्रत्येक बोरॉनकडे बंधासाठी तीन इलेक्ट्रॉन, प्रत्येक हायड्रोजनकडे एक. डायबोरेनमध्ये एकूण बारा. आता हे संयुग इथेनसारखे काढले, म्हणजे मधे दोन बोरॉन एका रेघेने जोडलेले आणि प्रत्येकाला तीन-तीन हायड्रोजन, तर रेघा होतात सात आणि इलेक्ट्रॉन लागतात चौदा. दोन कमी पडतात. यावर सुचवलेले तोडगे वाचताना रीत माणसाला किती घट्ट धरून ठेवते याची कल्पना येते. इंग्लंडच्या सिज्विकने सातपैकी दोन रेघा एकेका इलेक्ट्रॉनाच्या मानल्या. लायनस पॉलिंगने तो एक-एक इलेक्ट्रॉन साऱ्या रेघांवर फिरता ठेवणारी सरमिसळ सुचवली. श्टॉकचा सहकारी एगॉन वीबर्गने दोन हायड्रोजन सुटे आयन मानून उरलेल्या भागाला इथिलीनसारखे रूप दिले. तोडगे वेगळे, पण पहिल्या दोघांचा पाया एकच: चित्र इथेनचे. रेघा जिथे आहेत तिथेच ठेवायच्या आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब कसाबसा जुळवायचा. एका रेघेने दोनऐवजी तीन अणू धरावेत, म्हणजे बारा इलेक्ट्रॉन बरोबर पुरतील, ही वाट यांच्यापैकी कुणी घेतली नाही.

ती वाट दिसलेला माणूस तोपर्यंत होऊन गेला होता. १९२१ मध्ये जर्मनीच्या वाल्टर डिल्टायने डायबोरेनचे जे चित्र छापले त्यात दोन बोरॉनमध्ये सरळ रेघ नव्हती. दोन हायड्रोजन त्यांच्यामध्ये पुलासारखे बसवले होते आणि उरलेले चार बाहेरच्या बाजूला, दोन-दोन करून. आज पाठ्यपुस्तकात येते ते हेच चित्र. त्याकडे पाव शतक फारसे कुणी वळून पाहिले नाही. यावर आक्षेप असा येतो की डिल्टायकडे पुरावा नव्हता, आणि पूल म्हणून बसलेला हायड्रोजन एकाच वेळी दोन बंध कसे करतो याचे स्पष्टीकरणही नव्हते. अनुमान बरोबर निघाले म्हणून ते तेव्हाच स्वीकारायला हवे होते, असे म्हणणे हा मागाहून आलेला शहाणपणा झाला. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा मात्र मान्य करता येत नाही, कारण स्पष्टीकरण इथेनच्या चित्राकडेही नव्हते. त्यालाही एका इलेक्ट्रॉनाचे बंध किंवा फिरती सरमिसळ अशा खास सवलती द्याव्या लागत होत्याच. दोन्ही चित्रे नियम मोडत होती. फरक इतकाच की एक ओळखीचे दिसत होते. ओळखीच्या चित्राला सवलत मिळाली आणि अनोळखी चित्राकडे पुरावा मागितला गेला. दोघांना एकच माप लावले असते तर निदान दोन्ही चित्रे चर्चेत राहिली असती.

आणि पुरावा फार लांब नव्हता. शिकागो विद्यापीठात हर्मन श्लेसिंगर आणि त्याचे सहकारी डायबोरेनमधल्या हायड्रोजनच्या जागी मिथिल गट बसवून पाहत होते. १९३५ पर्यंत त्यांना आढळले की एक, दोन, तीन, चार मिथिल गट बसतात. पाचवा काही बसत नाही, रेणूच तुटून तीन मिथिल असलेला सुटा बोरॉन बाहेर पडतो. सहा हायड्रोजन सारखे असतील तर चारवर येऊन थांबण्याचे कारण काय? चार एका जातीचे आणि दोन वेगळ्या जातीचे असल्याशिवाय हे घडत नाही. इथेनच्या चित्रात सहाही हायड्रोजन एकाच जातीचे असतात, तर डिल्टायच्या चित्रात बरोबर चार आणि दोन. त्यानंतर १९४० च्या सुमारास फ्रेडरिक स्टिट यांनी डायबोरेनची उष्माधारकता कमी तापमानाला मोजली. रेणूची दोन टोके एकमेकांभोवती फिरायला इथेनपेक्षा बरीच जास्त ऊर्जा मागतात असे त्यातून निघाले. एकेरी रेघेभोवती टोके सहज फिरावीत. ती अडली, म्हणजे मधे केवळ एक रेघ नाही. आता या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उत्तर समोरच दिसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण तेव्हाच्या रसायनज्ञांसमोर तिसरी एक नोंद होती आणि ती नेमकी उलटे बोलत होती.

ती नोंद सायमन बावरची. पॉलिंगच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन विवर्तनाचे तंत्र आत्मसात केलेल्या या संशोधकाने १९३७ मध्ये डायबोरेनच्या वायूवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, पट्टीवर उमटलेली वर्तुळे मोजली आणि रचना इथेनसारखी असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष मोजमापापुढे मिथिल गटांची आडवळणाची साक्ष फिकी पडली. उपकरणालाच दोष देणाऱ्यांचा सगळा भर या प्रसंगावर असतो: तंत्र कच्चे होते, हायड्रोजन इलेक्ट्रॉनांना फारसा विखुरत नाही, बिचारा बावर करणार काय? तंत्र कच्चे होते, यात शंका नाही. पण त्या काळी विवर्तनाच्या पट्टीवरून रचना आपोआप निघत नसे. आधी एक नमुना मानायचा, त्यावरून वर्तुळे कशी उमटतील याचे गणित करायचे आणि ते पट्टीशी डोळ्यांनी ताडून पाहायचे. उपकरण विचारलेल्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणते. प्रश्न आधी माणसाच्या डोक्यात यावा लागतो, आणि डोक्यात इथेन होते. पुढे याच जातीच्या तंत्राने, तेही पॉलिंगच्याच कॅलटेकमध्ये, केनेथ हेडबर्ग आणि व्हर्नर शोमेकर यांनी १९५१ मध्ये पुलाची रचना पक्की केली, हे इथे विसरून चालणार नाही. दोन बोरॉनमधले अंतर बावरने १.८६ अँगस्ट्रॉम धरले होते. ते निघाले सुमारे १.७७. मधल्या चौदा वर्षांत तंत्र सुधारले हे खरे. तेवढेच महत्त्वाचे दुसरे काही घडले: विचारायचा प्रश्न बदलला.

तो बदलण्याचे मोठे श्रेय ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजमधल्या एका विद्यार्थ्याला जाते. ह्यू लाँगेट-हिगिन्स तेव्हा पदवीही न मिळवलेला विशीतला मुलगा. त्याच्या शिक्षकाने, रॉनल्ड बेलने, त्याला बोरेनवर निबंध लिहायला सांगितला. मुलाने पुलाची रचना मांडली, उपलब्ध वर्णपटांशी तिचा मेळ घातला, आणि १९४३ मध्ये दोघांच्या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सोव्हिएत रशियात नेक्रासोव्ह, तसेच सिर्किन आणि द्यात्किना याच दिशेने दोन-तीन वर्षे आधी पोहोचले होते, पण युद्धाच्या धामधुमीत तिकडचे इकडे पोहोचणे कठीण होते. रेघेची रीत हाडीमाशी खिळण्याइतके वय नसलेल्या विद्यार्थ्याने हे करावे याचे अप्रूप वाटते, तरी वयावरून सिद्धांत काढण्यात अर्थ नाही. डिल्टाय काही विद्यार्थी नव्हता. महत्त्वाचे हे की या वेळी चित्राबरोबर पडताळ्याची सोय आली. पुलाचा रेणू कसा थरथरेल आणि अवरक्त प्रकाश कुठे शोषेल हे आधीच सांगता येत होते. विल्यम प्राइसने १९४७-४८ मध्ये डायबोरेनचा अवरक्त वर्णपट बारकाईने घेतला, आणि तो पुलाच्या बाजूने निघाला. मग लाँगेट-हिगिन्सने तीन अणूंना धरणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांच्या बंधाचे क्वांटम गणितही मांडले. डायबोरेनचा हिशेब आता सरळ लागतो: बाहेरचे चार साधे बंध, आठ इलेक्ट्रॉन, दोन पूल, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन. एकूण बारा. तूट रेणूत नव्हतीच. ती आपण काढलेल्या चित्रात होती.

दोन बोरॉनचा प्रश्न सुटला म्हणून दहा बोरॉनचा सुटत नाही, आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा गाभा डेकाबोरेनमध्ये आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टाडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जॉन कॅस्पर, लुक्ट आणि डेव्हिड हार्कर यांनी १९४८ मध्ये त्याच्या स्फटिकाची क्ष-किरणांनी केलेली उकल जाहीर केली. सविस्तर निबंध १९५० मध्ये आला. बोरेनच्या कुळातली ही पहिली स्फटिकरचना. समोर आलेला आकार कुणाच्याही चित्रात बसणारा नव्हता. वीस त्रिकोणी पृष्ठांचा, बारा कोपऱ्यांचा विंशतिफलक घ्या आणि त्याचे शेजारचे दोन कोपरे काढून टाका. उरलेल्या दहा कोपऱ्यांवर बोरॉन. प्रत्येकाला बाहेरच्या बाजूने एक हायड्रोजन आणि मोकळ्या तोंडाच्या काठावर चार हायड्रोजन पूल म्हणून. आता रेघा मोजा. बोरॉन-बोरॉन शेजार २१ जागी, बाहेरचे हायड्रोजन १०, पुलांचे पाय ८; एकूण ३९ जागी अणू एकमेकांना भिडलेले. आणि इलेक्ट्रॉन ४४, म्हणजे जोड्या फक्त २२. एका जोडीऐवजी एकदम सतरा जोड्यांची तूट! एकेका इलेक्ट्रॉनाचा बंध वगैरे मलमपट्टी इथे चालणार नव्हती. एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. ही रचना सोडवण्यासाठी हार्कर आणि कॅस्पर यांनी विवर्तनाच्या तीव्रतांमधून थेट माहिती काढणारी गणिती असमानता शोधली, आणि तिच्यापासून निघालेल्या वाटेवर पुढे हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी स्फटिकशास्त्राच्या त्या थेट पद्धती उभारल्या ज्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. आज औषधाच्या रेणूची रचना संगणकावर झटपट निघते, त्या सोयीच्या मुळाशी या आडमुठ्या बोरेनचाही वाटा आहे.

इथे एक वजनदार आक्षेप घेतला जातो. हे सगळे विचारांमुळे झाले नाही, पैशामुळे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याला वाटू लागले की जळताना केरोसिनपेक्षा जास्त उष्णता देणाऱ्या बोरेनवर रॉकेट आणि विमाने चालवता येतील. नौदलाचा झिप प्रकल्प १९५२ मध्ये सुरू झाला, कारखाने उभे राहिले, एक्सबी-७० या अजस्र बॉम्बफेकी विमानासाठी डेकाबोरेनपासून इंधन बनवायची योजना निघाली. १९५९ मध्ये ती गुंडाळली गेली, कारण जळल्यावर उरणारे बोरॉन ऑक्साइड टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखे चिकटून बसे. इंधन विषारी, महाग, आणि वर यंत्र बिघडवणारे. पण दशकभराच्या त्या हौसेमुळे डेकाबोरेन किलोंनी बनू लागले आणि संशोधकांना नमुने व अनुदान मिळाले. जनरल इलेक्ट्रिकमध्येही तेव्हा सैन्यासाठी बोरेनवर काम चालू होते. हा आक्षेप मी निम्मा स्वीकारतो. मोठ्या बोरेनच्या रचना इतक्या भराभर सुटल्या त्यामागे हा पैसा होता, यात वाद नाही. पण पुलाची कल्पना १९२१, १९४१ आणि १९४३ ची आहे, आणि तिच्यामागे कुठल्याही इंधनाचे अनुदान नव्हते. पैशाने स्फटिक आणून दिले. ते वाचायचे कसे, हे तरीही कुणीतरी शोधायचेच होते.

ते काम प्रामुख्याने विल्यम लिप्सकम्बने केले, आधी मिनेसोटात आणि १९५९ नंतर हार्वर्डला. खोलीच्या तापमानाला वायू किंवा द्रव असणाऱ्या बोरेनचे स्फटिक त्याने काचेच्या केशनळीत गोठवून वाढवले आणि एकामागून एक रचना सोडवल्या. त्याचे वैशिष्ट्य हे की त्याने रेघ फेकून दिली नाही. १९५४ मध्ये एबरहार्ट आणि क्रॉफर्ड यांच्यासह त्याने तिला वळवले: दोन अणूंना जोडणारी सरळ रेघ होतीच, तिच्या जोडीला तीन अणूंना धरणारी वाकडी रेघ आली. मग प्रत्येक बोरेनसाठी हिशेब मांडता येऊ लागला. डेकाबोरेनमध्ये चार हायड्रोजन-पूल, तीन बोरॉनांना धरणारे सहा बंध, दोन साधे बोरॉन-बोरॉन बंध आणि बाहेरचे दहा, बेरीज २२. ३९ भेटी आणि २२ जोड्या यांचे भांडण मिटले. या कामाला १९७६ चे नोबेल मिळाले. अर्थात ही दुरुस्तीही सगळीकडे पुरली नाही. बारा बोरॉन आणि बारा हायड्रोजनच्या पूर्ण विंशतिफलकाला सरळ-वाकड्या रेघांनी काढायला गेले, तर एकसारखीच अनेक चित्रे निघतात आणि कुठलेही एक खरे नसते. लाँगेट-हिगिन्स आणि रॉबर्ट्स यांनी १९५५ मध्ये रेघांचा नादच सोडला, संपूर्ण पिंजऱ्याचे गणित केले आणि सांगितले की हा पिंजरा दोन इलेक्ट्रॉन जास्त घेऊन, म्हणजे दोन ऋण भार वागवतच टिकेल. १९६० मध्ये अँथनी पिटोकेली आणि फ्रेडरिक हॉथॉर्न यांनी तो बनवला. भार बरोबर दोन होता.

१९७१ मध्ये डरहॅमच्या केनेथ वेडने या अनुभवाला साध्या मोजणीचे रूप दिले. बाहेरचे हायड्रोजन बाजूला ठेवून पिंजऱ्याच्या वाट्याला किती जोड्या येतात ते मोजायचे. बोरॉनच्या संख्येपेक्षा एक जास्त असेल तर पिंजरा बंद, दोन जास्त असतील तर उघडा. डेकाबोरेनला दहा बोरॉन आणि पिंजऱ्याच्या जोड्या बारा, म्हणून तो उघडा. अनेक पिंजरे एकमेकांना जोडलेल्या गुंतागुंतीच्या बोरेनसाठी हीच मोजणी वाढवण्याचे काम २००१ मध्ये भारतात, हैदराबाद विद्यापीठात एलुवातिंगल जेम्मिस आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांचा एमएनओ नियम आज जगभर वापरला जातो. उघडे तोंड केवळ चित्रापुरते नाही, रसायनही तिथेच घडते. काठावरचा पुलाचा हायड्रोजन अल्कली सहज काढून नेते, त्यामुळे डेकाबोरेन आम्लासारखे वागते. आणि त्याच तोंडातून दोन कार्बन शिरले की अतिशय स्थिर असे कार्बोरेन तयार होते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रचलित आहे. बोरॉन हे एक विक्षिप्त मूलद्रव्य. त्याच्या अपवादासाठी रेघेच्या रितीला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? पण तीन हायड्रोजन आणि दोन इलेक्ट्रॉन यांचा धनभारित रेणू जोसेफ थॉमसनला १९११ मध्येच सापडला होता, श्टॉकच्या पहिल्या निबंधाच्या आधी. त्याचे तीन अणू त्रिकोणात बसतात आणि त्यांना धरणारे दोन इलेक्ट्रॉन तिघांचे असतात. ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांत तो मुबलक आहे. ॲल्युमिनियमचे मिथिल संयुग जोडीने राहते तेही मिथिलच्या पुलांनी. अपवाद वाटतो तो कार्बनच्या शेजारी उभे राहून पाहिले म्हणून, कारण कार्बनकडे इलेक्ट्रॉन आणि जागा यांचा मेळ अगदी नेमका बसतो आणि आपली रीत त्याच्यावरूनच बेतलेली आहे. त्या रितीने सेंद्रिय रसायन घडवले, हे तिचे ऋण मान्यच. किंबहुना डायबोरेनमध्ये दोन इलेक्ट्रॉन कमी आहेत हे लक्षात येण्यासाठीही तीच लागली. तिच्यावर ठपका ठेवायचा तो इतकाच की १९३५ नंतर शिकागोचे मिथिल गट समोर असताना तिने दुसऱ्या चित्राला दारात उभे केले नाही.

आपल्याकडे अकरावीच्या रसायनशास्त्रात डायबोरेन येते ते तयार चित्राच्या रूपात. मुले दोन पूल पाठ करतात आणि पुढच्या पानावर जातात. शिक्षकांना एक विनंती आहे. चित्र लगेच दाखवू नका. फळ्यावर आधी दोन बोरॉन, सहा हायड्रोजन आणि बारा हा आकडा लिहा, चारच मिथिल गट बसतात हे सांगा, आणि रचना मुलांना काढू द्या.